रंगारी येण्याआधी भिंती वाचून घ्या

घराला आतून रंग द्यायचे ठरले की बहुतेकांचे लक्ष आधी छटांच्या पुस्तिकेकडे आणि नंतर सामान हलवण्याकडे जाते. माझ्या मते या दोन्हींच्या आधी भिंती नीट पाहायला हव्यात, कारण ओल धरलेल्या किंवा सुटलेल्या भिंतीवर कितीही भारी रंग लावला तरी त्याचे पोपडे निघतात आणि सगळा खर्च वाया जातो.

बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत जावे. जिथे आवाज पोकळ येतो, तिथे गिलावा आतून सुटलेला असतो. ओलीचा संशय असेल तिथे पारदर्शक प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून २४ तास तसाच ठेवावा. प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येत आहे, खोलीकडील बाजूला जमले तर दोष खोलीतल्या दमट हवेचा आहे. भिंतीतून पाणी येत असेल तर गळती शोधून ती बंद करणे आणि भिंत पूर्ण वाळू देणे याला पर्याय नाही. भिंत सपाट करण्यासाठी लावलेला पुट्टीचा थर ओल झाकतो, थांबवत नाही. दुरुस्तीत सिमेंटचा नवा गिलावा केला असेल, तर त्यालाही साधारण २८ दिवस द्यावेत. घाई असली तरी इथे थांबावेच, असे मी आग्रहाने सांगेन.

स्वयंपाकघरातील तेलकट भिंती साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात, कारण चिकट थरावर रंगाआधी लावायचा प्रायमरही धरत नाही. घर फार जुने असेल, तर आधीच्या रंगात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नये आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना त्या कामापासून दूर ठेवावे.

सामानाबाबत एवढेच, की ते खोलीच्या मध्यभागी आणून भिंतीलगत शिडी फिरेल इतकी जागा मोकळी ठेवावी. पडदे, तसबिरी आणि खिळे आधीच काढावेत. पुट्टी घासताना उडणारी भुकटी इतकी बारीक असते की ती बंद कपाटाच्या फटीतूनही आत शिरते. म्हणून कपाटांच्या दारांच्या फटींवर मास्किंग टेप लावावी, पंख्यांना व एसीला प्लास्टिक गुंडाळावे आणि संगणक शक्य असल्यास दुसऱ्या खोलीत हलवावा. स्विचबोर्डची झाकणे काढायची असतील, तर त्याआधी मुख्य स्विच बंद करावा.

छटा मात्र पुस्तिकेवरून पक्की करू नये. भिंतीवर मोठा चौकोन रंगवून तो दिवसाच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली पाहावा, कारण तीच छटा दोन्ही वेळी वेगळी दिसते. उरलेला रंग घरातच ठेवून जाण्याविषयी रंगाऱ्यांशी आधीच बोलून घ्यावे, आणि त्या डब्यावर खोलीचे नाव व छटेचा क्रमांक लिहून ठेवावा.