ब्रुजमधला आठशे वर्षांचा वॉर्ड

बेल्जियममधल्या ब्रुज या शहरात मी दोनदा गेले, आणि दुसऱ्यांदा जाण्याचे कारण पहिल्या खेपेला ऐकलेल्या एका वाक्यात होते. पाच वर्षांपूर्वी सहलीच्या बसमधून आम्ही चाळीस जण तिथे उतरलो, तेव्हा या शहरासाठी तीन तास राखून ठेवलेले होते. त्यातला बराचसा वेळ बसथांब्यापासून जाण्यायेण्यात, होडीच्या रांगेत आणि चॉकलेटच्या दुकानात गेला. मायकेलअँजेलोची मूर्ती दाखवण्यासाठी टूर मॅनेजर आम्हाला चर्चकडे नेत होते. वाटेत त्यांनी समोरच्या विटांच्या लांबलचक इमारतीकडे बोट दाखवले, "हे आठशे वर्षांपूर्वीचं हॉस्पिटल," एवढे म्हणाले आणि पुढे चालू लागले. मी चौतीस वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून काम केले आहे. दहा मिनिटे आत जाऊन येऊ का, असे मी विचारले, तर "काकू, ते आपल्या कार्यक्रमात नाही," असे उत्तर मिळाले. त्यांनाही वेळापत्रक सांभाळायचे होते, हे मला समजते. परंतु इतके पैसे भरून इतक्या लांब यावे आणि नेमके ज्या दाराशी आपले पाय थांबतात तिथूनच आपल्याला पुढे नेले जावे, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली.

या वर्षी ऑक्टोबरमध्ये ब्रुसेल्सला भाचीकडे पंधरा दिवस राहण्याचा योग आला. पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटले, की मला ब्रुजला एकटीला जाऊ दे. "मावशी, अगं, शनिवारी आपण सगळे मिळून जाऊ की," असे ती दोनदा म्हणाली. पण शनिवारची गर्दी मला नको होती. मधल्या वारी सकाळची आगगाडी पकडली आणि तासाभरात ब्रुजला पोहोचले.

सकाळी नऊच्या सुमाराला हे शहर खरोखर सुंदर असते. कालव्यांवर धुके होते, दगडी पुलांवर माणूस नव्हता, आणि मुख्य चौकातल्या घंटाघरावरून घंटांचे सूर येत होते. ते घंटाघर ८३ मीटर उंच असून वर जायला ३६६ पायऱ्या आहेत. माझ्या गुडघ्यांना ते मानवणारे नव्हते, म्हणून मी खालूनच पाहिले. मध्ययुगात हे उत्तर युरोपातल्या सर्वांत श्रीमंत बाजारपेठांपैकी एक होते. पुढे समुद्राकडे जाणारी झ्विन नावाची खाडी गाळाने भरत गेली, जहाजे येईनाशी झाली आणि व्यापार अँटवर्पला गेला. शहराकडचा पैसा आटला, त्यामुळे जुने पाडून नवे बांधण्याची ऐपत राहिली नाही, आणि आज आपण जे पाहायला जातो ते मागे उरले. साडेदहानंतर बसगाड्या येऊ लागल्या आणि अरुंद रस्त्यांवर लोंढेच्या लोंढे उतरले. तोपर्यंत मी मारियास्ट्राट या रस्त्यावरच्या त्या दारातून आत शिरलेले होते.

सिंट यान्सहॉस्पिटाल, म्हणजे सेंट जॉनचे रुग्णालय, बाराव्या शतकाच्या मध्यात सुरू झाले. इथल्या कामकाजाचे ११८८ सालचे नियम आजही उपलब्ध आहेत. आजारी माणसे, थकलेले वाटसरू, यात्रेकरू आणि ज्यांना कोणी नाही अशी गोरगरीब माणसे या सर्वांसाठी हे दार होते. धर्मव्रत घेतलेल्या बंधूंनी आणि भगिनींनी त्यांची सेवा करायची, अशी व्यवस्था होती. विशेष म्हणजे या आवारातले रुग्णालय १९७०च्या दशकापर्यंत चालू होते. मी नर्सिंगला प्रवेश घेतला, त्या सुमाराला इथल्या शेवटच्या परिचारिका आपले सामान आवरून नव्या इमारतीत जात असतील, हे लक्षात आले आणि मी दारातच क्षणभर थांबले.

आत गेल्यावर मी सवयीने जे केले ते कोणत्याही परिचारिकेने केले असते. सिस्टरचे टेबल कुठे असेल आणि तिथून शेवटचा पलंग दिसत असेल का, हे मी आधी पाहिले. उंच दगडी खांबांच्या रांगा आहेत, विटांच्या भिंती आहेत आणि वर ओकच्या जाडजूड तुळयांचे छत आहे. दालन इतके मोठे आणि उंच आहे की हवा वरच्यावर खेळत राहते. एका टोकाला उभे राहिले की दुसऱ्या टोकापर्यंत नजर पोहोचते. इमारत बांधणाऱ्याला रुग्णसेवा कळत होती, असे मला तिथे उभी असताना ठामपणे वाटले. आता तिथे पलंग नाहीत, काचेच्या कपाटांत जुनी भांडी, उपकरणे आणि चित्रे मांडलेली आहेत.

परंतु पलंग कसे होते ते एका चित्रात दिसते. यान बेरब्लोक नावाच्या चित्रकाराने १७७८ साली हाच वॉर्ड रंगवला आहे. वरून पाहावे तसा सगळा वॉर्ड त्यात मांडला आहे. लाकडी कपाटांसारखे, बाजूंनी बंद असे पलंग रांगेने लावलेले आहेत आणि पांढरे शिरोवस्त्र घेतलेल्या सिस्टर त्यांच्यामधून फिरत आहेत. कोणी रुग्णाला भरवते आहे, कोणी भांडी घेऊन निघाली आहे, एक बाई फरशी साफ करते आहे. मी त्या चित्रासमोर किमान पाऊण तास होते. त्यातली एकही व्यक्ती मला परकी वाटली नाही. फरशी साफ करणाऱ्या बाईला तर मी मनातल्या मनात "मावशी" म्हणूनच हाक मारली, कारण आमच्या वॉर्डात अशा बायकांना सगळे मावशीच म्हणत आणि त्या आल्या नाहीत की वॉर्ड दोन तासांत हाताबाहेर जाई. साठ खाटांच्या वॉर्डात पावसाळ्यात शंभर रुग्ण असत, दोन खाटांच्या मध्ये खाली गादी टाकावी लागे, आणि रात्रपाळीला दोघींमध्ये तो सगळा वॉर्ड असे. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे वॉर्ड सोपवताना, एखाद्या खाटेचा नंबर सांगून पुढे काही बोलता येत नसे. ते सगळे मला त्या चित्रापुढे आठवले आणि डोळ्यांत पाणी आले.

माझ्या मागून लोक येत होते आणि जात होते. बहुतेकांना हान्स मेमलिंगची चित्रे पाहायची होती, म्हणून ते वॉर्डातून वाट काढत तिकडे वळत होते. मेमलिंग हा पंधराव्या शतकात जर्मनीतून येऊन ब्रुजमध्ये स्थायिक झालेला थोर चित्रकार. लढाईत जखमी होऊन तो या रुग्णालयात आला, इथे त्याची शुश्रूषा झाली आणि कृतज्ञता म्हणून त्याने ही चित्रे काढली, अशी एक जुनी दंतकथा आहे. इतिहासकार ती खरी मानत नाहीत. ती खरी असती तर मला फार आनंद झाला असता.

त्याने रंगवलेला १४७९ सालचा वेदीपट, म्हणजे प्रार्थनेच्या वेदीवर ठेवायचे चित्र, तीन फळ्यांचा असून त्याच्या बाजूच्या फळ्या दारांसारख्या मिटतात. आतल्या बाजूला मेरी, बाळ येशू आणि संत आहेत, आणि रंग कालच लावल्यासारखे ताजे आहेत. गर्दी तिथे होती. मी मात्र फळ्यांच्या बाहेरच्या बाजूला गेले, कारण माहितीफलकावर एक ओळ वाचली होती. दारे मिटल्यावर दिसणाऱ्या त्या बाजूला गुडघे टेकून बसलेली चार माणसे आहेत, आणि ती चारही या रुग्णालयातली आहेत. डावीकडे दोन बंधू आहेत, उजवीकडे दोन भगिनी. पुढची आग्नेस कासेंब्रोट, म्हणजे भगिनींची प्रमुख, आणि तिच्या मागे क्लारा व्हान हुल्सेन. दोघींच्या मागे त्यांच्या नावाच्या संत उभ्या आहेत.

आग्नेसचा चेहरा मी फार जवळून पाहिला. तो देखणा म्हणता येणार नाही. हात जोडलेले आहेत आणि नजर समोर स्थिर आहे, पण ती प्रार्थनेत हरवलेल्या बाईची नजर मला वाटली नाही. उठल्यावर कोणती कामे करायची आहेत हे जिला ठाऊक आहे, अशा बाईची ती नजर आहे. चौतीस वर्षांत मी अशा चार-पाच जणी पाहिल्या, आणि त्यांतल्या एकीच्या हाताखाली मी काम शिकले. आमच्या रुग्णालयाच्या भिंतींवर अधिष्ठात्यांच्या तसबिरी होत्या, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरलेली होती, परंतु एकाही सिस्टरचे नाव कुठे लिहिलेले नव्हते. इथे त्या काळातल्या सर्वश्रेष्ठ चित्रकारांपैकी एकाने वॉर्ड सांभाळणाऱ्या दोन बायकांचे चेहरे रंगवले, आणि त्यांची नावे साडेपाचशे वर्षे टिकली. मी ती डायरीत उतरवून घेतली.

दुपारी बेगाइनहोफला गेले. १२४५ साली स्थापन झालेली, एकट्या स्त्रियांनी एकत्र राहण्याची ती वसाहत आहे. तिथली उंच झाडे आणि पांढरी घरे पाहून बरे वाटले, तरी माझे मन मागेच राहिले होते. मी पुन्हा रुग्णालयात आले आणि बंद होण्याची वेळ झाल्याचे रखवालदाराने सांगेपर्यंत वॉर्डातल्या बाकावर बसून राहिले. होडीत या खेपेलाही बसायचे राहून गेले.

तिथल्या दुकानात त्या मिटलेल्या फळ्यांचे पोस्टकार्ड मिळाले. ज्यांच्या हाताखाली मी शिकले त्या सिस्टर आता मिरजेला मुलाकडे असतात. वय पंचाऐंशीच्या पुढे आहे आणि ऐकू कमी येते, पण चष्मा लावून वाचतात. परतीच्या गाडीत मी ते कार्ड त्यांच्या नावाने लिहिले. "सिस्टर, सा. न. या चित्रातल्या उजवीकडच्या पहिल्या बाई १४७९ सालच्या इनचार्ज आहेत. त्यांचे नाव आग्नेस. त्यांच्या मागे क्लारा आहे, ती बहुधा माझ्यासारखी नाईटवरून आलेली असावी."