इसबाची लाली सावळ्या कातडीवर कशी मोजायची?

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, आणि परदेशी राहणाऱ्या नातलगांकडून मला एक प्रश्न हमखास येतो: इसबाची तीव्रता मोजण्याच्या पद्धती गोऱ्या कातडीवर बेतलेल्या आहेत, तर त्या आपल्याला लागू पडतात का? आता तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहिते. बऱ्याचशा लागू पडतात. पण जिथे पडत नाहीत, ती जागा नेमकी मोक्याची आहे.

औषधांच्या चाचण्यांत सर्वाधिक वापरली जाणारी मोजपट्टी म्हणजे ईएएसआय, डॉक्टरांच्या बोलण्यातली ‘ईझी’. तिच्यात लाली, सूज किंवा जाडी, खाजवल्याच्या जखमा आणि सतत खाजवून चामड्यासारखी झालेली कातडी या चार लक्षणांना प्रत्येकी ० ते ३ गुण देतात, शरीराच्या चार भागांपैकी प्रत्येकाचा किती हिस्सा व्यापला आहे ते पाहतात, आणि एकूण बेरीज ० ते ७२ च्या दरम्यान येते. अडचण पहिल्याच लक्षणात आहे. दाहामुळे त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून लाली दिसते. परंतु त्यांच्या वरच्या थरात त्वचेला रंग देणारे मेलॅनिन भरपूर असेल, तर ते प्रकाश शोषून घेते आणि तीच लाली जांभळट, करडी किंवा नुसतीच आजूबाजूपेक्षा गडद दिसते. ‘लाल आहे का?’ असे स्वतःला विचारत तपासणारा डॉक्टर प्रामाणिकपणे ‘थोडेसे’ असे लिहितो, आणि चुकतो.

ही चूक मीही केली आहे. शिकत असताना एका काळ्यासावळ्या मुलीच्या कोपराच्या खोबणीतला चट्टा मी सौम्य म्हणून नोंदवला, तेव्हा तिची आई म्हणाली, “डॉक्टर, नुसतं बघू नका, हात लावून बघा.” कातडी गरम होती, ताणलेली होती, आणि बोटाखाली बारीक पुरळ स्पष्ट लागत होते.

एका गुणाने काय बिघडते, असे वाटेल. म्हणून हिशेबच मांडते. समजा, चारही भागांत ३० ते ४९ टक्के त्वचा व्यापली आहे, म्हणजे व्याप्तीचे गुण ३. आणि चार लक्षणांचे गुण सगळीकडे २, २, १, १, म्हणजे बेरीज ६. ईझी होते १८. लाली २ ऐवजी १ धरली, तर तीच होते १५. डुपिलुमॅब या इसबावरच्या औषधाच्या मुख्य चाचण्यांत प्रवेशासाठी किमान १६ गुणांची अट होती. रोग तोच, शरीर तेच, आणि माणूस दाराबाहेर.

हा निव्वळ तर्क नाही. लंडनमधल्या मुलांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लालीचे गुण हिशेबातून वेगळे काढल्यावर असे दिसले, की कृष्णवर्णीय मुलांमध्ये इसब तीव्र असण्याची शक्यता गोऱ्या मुलांच्या जवळपास सहापट आहे. लाली धरून मोजताना हा फरक झाकला जात होता. पुढे ईझीच्या मार्गदर्शिकेत अशी सूचना आली, की तपकिरी किंवा गडद त्वचेवर लाली ठरवणे कठीण वाटल्यास तिचे गुण एका पायरीने वाढवावेत. सूचना उपयोगी आहे, पण मला ती अंदाजाला लावलेल्या ठिगळासारखी वाटते. कारण चूक उलट्या दिशेनेही होते. इसब शमल्यावर मागे राहणारा काळसर डाग चालू दाह समजला गेला, तर गुण उगाच वाढतात. म्हणून मी शेजारच्या निरोगी त्वचेशी तुलना करते, उष्णता चाचपते, आणि बोटाने दाबून रंग ओसरतो का ते पाहते. रक्ताची लाली दाबल्यावर फिकी होते, डाग फिका होत नाही.

नॉटिंगहॅममध्ये २००४ साली तयार झालेली पोएम ही पद्धत या बाबतीत बरीच सुटसुटीत आहे, कारण ती रंग विचारतच नाही. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज आली, झोप मोडली, रक्त आले, पाण्यासारखी लस पाझरली, चिरा पडल्या, कोंड्यासारखे पापुद्रे सुटले, त्वचा कोरडी किंवा खरखरीत झाली, असे रुग्णालाच सात प्रश्न, आणि २८ पैकी गुण. खाजेला वर्ण नसतो. म्हणून दोन मोजपट्ट्यांत मोठी तफावत आली, तर मी रुग्णावर नव्हे, आधी माझ्या डोळ्यांवर शंका घेते.

तरीही एक गोष्ट या दोन्हींतून निसटते. सावळ्या त्वचेवर इसब बरा होताना काळे किंवा पांढरट डाग सोडून जातो, आणि ते महिनोन्‌महिने टिकतात. पांढरट डाग दिसला, की घरात ‘कोड तर नाही ना’ ही धास्ती शिरते, आणि लग्नाच्या वयाच्या मुलीच्या घरी तर ती खाजेपेक्षा मोठी ठरते. खाज थांबलेली असते, दाह ओसरलेला असतो, माझ्या कागदावर गुण २ वर आलेले असतात, आणि समोर बसलेली आई विचारते, “पण हा डाग कधी जाणार?” तो लिहायला त्या कागदावर रकानाच नाही, मी तो समासात लिहिते.