१,८०० रुपयांचा होल्ड

तासगावातल्या आमच्या शाखेत सोमवारी मान वर करायला फुरसत नसते. त्या गर्दीतच एक बेदाणेवाल्या मावशी काउंटरवर आल्या. "साहेब, औषधाच्या दुकानात पैसे जाईनात. शिल्लक तर दिसतीय."

खातं उघडलं तर डेबिट फ्रीझ, म्हणजे खात्यातून पैसे बाहेर जाणं बंद. परराज्यातली सायबर तक्रार, रक्कम १,८०० रुपये. खात्यात होते ६१,०००, आणि अडकले होते सगळेच.

फसलेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करतो. मग त्याचे पैसे जिथून जिथून पुढे सरकले, त्या खात्यांवर एकामागून एक होल्ड पडत जातो. आमच्या भाषेत हे लेअर. मावशी चौथ्या लेअरला! कुणीतरी त्यांच्याकडून बेदाणा घेतला, क्यूआर स्कॅन केला, साउंडबॉक्स बोलला. त्यांच्यापुरता व्यवहार तिथेच मिटला होता.

२०१६ साली आलेल्या यूपीआयची सगळी गंमतच ही, की खातं कुठल्याही बँकेचं आणि ॲप कुठलंही असो, एका क्यूआरवर चालतं. पण समोरच्यानं पिन टाकला की पैसे जमा. घेणाऱ्याला कुणी विचारत नाही. चेक निदान उलटासुलटा करून बघता तरी येतो.

"विक्रीची काही नोंद आहे का, मावशी?"

त्यांनी पिशवीतून लांबट वही काढली. तारखेखाली शिसपेन्सिलीनं लिहिलेलं : 'मिशीवाला, ६ किलो, मोबाईल.' स्टेटमेंटमधला यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, त्याच दिवसाचा निघाला. पक्कं बिल नव्हतं, पण इतका चोख पुरावा आमच्याकडे क्वचितच येतो.

मॅनेजर म्हणाले, "वरून आल्याशिवाय हात लावू नका." बरोबरच होतं त्यांचं. म्हणून वहीच्या पानाचा फोटो, स्टेटमेंट आणि वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवा असं सांगणारा केरळ उच्च न्यायालयाचा २०२३ चा निकाल तपास अधिकाऱ्याला मेल केला. फोनवर फोन झाले. शेवटी ५९,२०० रुपये मोकळे झाले.

१,८०० अजून होल्डवरच आहेत.

"इथून पुढं गिऱ्हाइकाचं नाव, नंबर लिहून घेत जा," मी सुचवलं.

"अन् तो शेजारच्या गाड्यावर गेला म्हंजे?" मावशी म्हणाल्या आणि औषधाच्या दुकानाकडे निघाल्या.