आज मायल क्रीकला

सकाळी इथे ऑस्ट्रेलियात वाटेतल्या एका गावाचं छोटं संग्रहालय पाहिलं. मेंढ्यांची लोकर कातरायच्या कात्र्या, पहिल्या गोऱ्या कुटुंबांचे फोटो, सगळं नावं-तारखांसकट. अ‍ॅबोरिजिनल लोकांसाठी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांसाठी, कोपऱ्यात एक कपाट: दगडी कुऱ्हाड, बूमरँग. ना नाव, ना साल. जणू ती माणसं आपणहून कुठेतरी निघून गेली. फार खुपलं.

दुपारी बिंगारा गावाजवळ मायल क्रीक. १० जून १८३८ रोजी इथे विरायाराय या मूळ रहिवासी गटाच्या किमान २८ माणसांची कत्तल झाली. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी. मारणारे बहुतेक गोरे; त्यांतल्या सात जणांना फाशी झाली. २००० साली झालेल्या स्मारकाच्या वाटेवर दगडांवर हे लिहिलंय, मेलेल्यांच्या गमिलराय भाषेतही. मेलेल्यांचे आणि मारणाऱ्यांचे वंशज इथे एकत्र येतात.

लेक म्हणाली, "आई, मुलांनासुद्धा?"

हो म्हटलं. घरी येईपर्यंत ती गप्पच होती.