काळी एकचा षड्ज आणि माझा चौदा बाय दहाचा हॉल

मंडळी, टॉवर स्पीकर विकल्याचं मागच्या नोंदीत सांगितलं होतं. त्यानंतर दोन महिने घरात रेडिओशिवाय काही वाजलं नाही. त्या शांततेत एक बरं झालं. आपल्याला नेमकं काय ऐकायचंय, हे ठरवायला वेळ मिळाला.

स्पीकरच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब, वॉर्म पाहिजे की डिटेल?" म्हणजे भरदार आवाज की बारकावे. जणू एका ताटात दोन्ही वाढता येत नाहीत. गाणाऱ्यांकडे मात्र या दोन्हींना मिळून एकच शब्द आहे, जवारीदार. तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा योग्य जागी आला की खर्जाची तार छातीत भरते आणि त्याच वेळी वरचे बारीक स्वर फुलायला लागतात. मला स्पीकरकडून तेवढंच हवंय.

म्हणून यावेळी कसोटीला कुणाची ध्वनिमुद्रिका घेतली नाही. घरात मिरजेचा तानपुरा आहे, काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेला. तोच रेकॉर्डरवर जवळून उतरवला. आता हॉलमध्ये आधी खरा तानपुरा छेडायचा आणि मग रेकॉर्डिंग लावायचं. फसवायला जागाच नाही. आकडेही हाताशी आहेत: खर्ज ६९.३ हर्ट्झ, जोडाच्या तारा १३८.६, आणि खर्जाच्या पाचव्या स्वरांशातून (मूळ सुराच्या पाचपट कंपनाच्या सुरातून) उमटणारा स्वयंभू गंधार साधारण ३४६. खर्जाला अंग हवं आणि गंधार न शोधता कानावर यायला हवा.

स्पीकरची निवड त्या मानाने लवकर झाली. केईएफ क्यू३५० आणि व्हार्फडेल डायमंड १२.२, दोन्ही साडेसहा इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा भाग). केईएफमध्ये गायक कुठे बसलाय ते बोट ठेवून दाखवता येतं. पण माझ्या उघड्या फरशीच्या हॉलमध्ये त्याचा वरचा भाग थोडा पुढे येईल असं वाटलं, म्हणून कापडी डोमच्या ट्वीटरचा (वरचे सूर वाजवणाऱ्या भागाचा) व्हार्फडेल घेतला, तोही सेकंडहँड. हा सरळ अंदाज होता. दुकानात जाड गालिचा आणि चारी बाजूंनी रिकामी खोकी असतात. तिथला आवाज घरी येत नाही.

घरी आणून लावले आणि पहिल्या संध्याकाळी मी हिरमुसलो. गंधार छान, जवारी छान, पण षड्ज पोकळ. सूर कळत होता, कारण मूळ कंपन दबलं तरी वरच्या स्वरांशांवरून कान तो भरून काढतो. अंग मात्र नव्हतं. मनात लगेच आलं, अँप्लिफायर बदलायला हवा.

इथे जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे वाचले ते इथेच. माझ्याकडे यामाहा ए-एस३०१ आहे, ६० वॅटचा. ऑफिसातला मित्र त्याचा मॅरंट्झ पीएम६००७ घेऊन आला. तो कागदावर ४५ वॅटचा आणि सगळ्यांच्या मते 'वॉर्म'. आम्ही स्पीकरच्या टर्मिनलला मल्टीमीटर लावला, १०० हर्ट्झचा सूर सोडला आणि दोन्हीकडे २.८३ व्होल्ट जुळवले. व्होल्टेज जुळवलं नाही तर जो किंचित मोठा वाजतो तोच गोड वाटतो. मग मी डोळ्यांवर पंचा बांधून बसलो आणि तारा बदलायचं काम मित्राकडे. दहा वेळांत सहा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही एवढं जमलं असतं. त्याच्या आदल्या दिवशी, उघड्या डोळ्यांनी, मॅरंट्झ किती मधाळ आहे यावर मी त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं होतं!

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अँप्लिफायरवाल्यांनी रागावू नये. पुण्याच्या तापकीर गल्लीत एका काकांकडे हातानं बांधलेला, ईएल३४ व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड अँप्लिफायर ऐकला. तिथे फरक खरंच ऐकू आला. पण कारण साधं आहे. अशा अँप्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) बऱ्याचदा काही ओहमांचा असतो आणि स्पीकरचा इम्पिडन्स सुरागणिक वरखाली होतो, त्यामुळे आवाजाचा तोल त्या चढउताराप्रमाणे झुकतो. म्हणजे तो बटण नसलेला टोन कंट्रोलच. दुसऱ्या स्पीकरवर तो वेगळाच झुकेल. ऐकायला मजा आली, घेतला नाही.

मग षड्ज गेला कुठे? टेप काढली. वूफरच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत ६० सेंटिमीटर. मागे जाणारा आवाज भिंतीवर आपटून परत येतो तेव्हा पाव तरंगलांबी जायला आणि पाव यायला, म्हणजे अर्ध्या तरंगाने उशीर होतो आणि तो समोरच्या आवाजाला खोडतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर, त्याला (चार गुणिले ०.६) ने भागलं, उत्तर १४४ हर्ट्झ. काळी एकचा षड्ज १३८.६! भिंत माझा 'सा' गिळत होती आणि मी अँप्लिफायरवर आळ घेत होतो. आरईडब्ल्यू या खोलीचा आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये माइक लावून पाहिलं, खड्डा तिथेच.

स्पीकर पुढे ओढले, वूफर भिंतीपासून एक मीटरवर आला. आता खड्डा ८६ हर्ट्झच्या आसपास, खर्ज आणि षड्ज यांच्या मध्ये. तानपुरा लावला आणि आतून बायको म्हणाली, "आता रियाझ कशाला?" ती पावती ठेवून दिली आहे.

पण त्या जागी बाल्कनीचं दार अडतं. म्हणून फरशीवर मास्किंग टेपच्या खुणा केल्यात. ऐकायचं तेव्हा पुढे, कपडे वाळत घालायचे तेव्हा मागे.

बाजूच्या भिंतींवर जिथून पहिला आवाज परततो तिथे गोधड्या टांगल्या. (आरसा भिंतीवर सरकवत न्यायचा. खुर्चीतून ट्वीटर दिसला की तीच जागा.) उत्साहात चार लावल्या आणि तानपुऱ्याला पडसं झालं. गोधडी वरचे सूर पिते, खालच्यांना तिचा पत्ताही नसतो. घुमारा तसाच राहतो आणि जवारी तेवढी मरते. दोन काढल्या, दोन ठेवल्या. मागच्या भिंतीला दिवाळी अंकांचं उघडं कपाट आहे, आडव्यातिडव्या गठ्ठ्यांचं. ते मुद्दाम आवरलेलं नाही. याचं शास्त्रीय कारण आहे, असं घरात सांगितलंय.

किती वॅट लागतात, अशी विचारणा झाली होती. हे स्पीकर एका वॅटला एक मीटरवर साधारण ८८ डेसिबल देतात. मी सव्वादोन मीटरवर बसतो, रात्री सत्तरच्या आसपास ऐकतो. बहुतेक वेळ एक वॅटही खर्च होत नाही. उलट हळू ऐकताना कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच मांडलंय. त्यासाठी यामाहाचं फिरतं लाउडनेस बटण कामाला येतं. मॅरंट्झमध्ये लाउडनेसची सोय असली तरी ती फक्त चालू-बंद, असं हळूहळू फिरवता येत नाही. यामाहा राहिला तो याच कारणाने.

अजून एक दुखणं आहे. हॉलची रुंदी दहा फूट, उंची साडेनऊ. दोन्हींचे अनुनाद ५७ आणि ६० हर्ट्झला, जवळजवळ एकमेकांवर. डग्ग्यावर घिस्सा (तळहात घासून काढलेला नाद) घेतला की कोपरा गुरगुरतो. त्यासाठी घनमीटरला ४८ किलो घनतेच्या रॉकवूलच्या (दगडी तंतूंच्या) लाद्या आणल्यात, १०० मिलिमीटर जाडीच्या. कोपऱ्यात उभ्या करायच्या, पण आधी त्यांना खोळी शिवायला हव्यात. शिंपी म्हणतो, गणपतीपर्यंत हात रिकामा नाही.