स्मोकी पर्वतातील मुक्काम

अटलांटाहून ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी उद्यानालगतच्या गॅटलिनबर्ग गावातील हॉटेलांत न थांबता प्रत्यक्ष अरण्यात राहावे, असे मला मनापासून वाटते. लहान मुले सोबत असतील, तर उद्यानातील केड्स कोव्ह किंवा स्मोकमाँट या तळांवर तंबू ठोकावा. तेथे पाण्याचे नळ आणि शौचालये आहेत, परंतु अंघोळीची सोय नाही. अस्वलांमुळे खाण्याचा कणही तंबूत ठेवू नये, तो गाडीतच बंद करावा. बाहेरून न्यायचे सरपणही किडींचा प्रसार टाळण्यासाठी उष्णताप्रक्रिया केलेले आणि प्रमाणित असावे लागते.

माझे मन मात्र याच उद्यानातील माउंट लेकाँट शिखरावरील लॉजच्या लाकडी खोपटांत गुंतले आहे. ६,३०० फुटांहून अधिक उंचीवरील, १९२० च्या दशकापासून चालत आलेल्या या लॉजपर्यंत गाडीरस्ता नाही. सर्वांत जवळची, ॲलम केव्हमार्गे जाणारी पायवाटही एका बाजूने सुमारे ८ किलोमीटर चढते. खोल्यांत वीज नाही, रॉकेलचे कंदील आहेत, आणि हंगामात ताजा शिधा लामा नावाच्या, उंटाच्या कुळातील प्राण्यांच्या पाठीवरून वर येतो. मागणी कित्येक महिने आधी नोंदवावी लागते. जागा न मिळाल्यास प्रतीक्षायादीत नाव अवश्य घालावे, कारण कोणी नोंदणी रद्द केल्यास त्या यादीतून खोली मिळू शकते.