वर्गातला कांद्याचा लिलाव

नाशिकमधील आमच्या शाळेत निफाड आणि चांदवड तालुक्यांतून शिकायला आलेली बरीच मुले आहेत. त्यामुळे नववीच्या भूगोलातील व्यापाराचा पाठ आला, तेव्हा मागणी आणि पुरवठा यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून देण्याऐवजी लासलगावच्या कांदा बाजाराच्या धर्तीवर कांद्याचा लिलाव वर्गातच उभा करायचे मी ठरवले. वेशभूषा ठेवली नाही, कारण फेटे आणि उपरणी जमवण्यातच तास निघून जातो. बाके झाली ट्रॅक्टर, काही मुले व्यापारी, उरलेली शेतकरी आणि मी बाजार समितीची कर्मचारी. मात्र लिलाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येक जोडीने आपला माल कोणता, किती आणि विकण्याची घाई का, हे आपसांत बोलून ठरवायचे होते.

२० क्विंटल उन्हाळ कांद्याची बोली क्विंटलला १,२०० रुपयांवर अडली. माल घेऊन उभी असलेली मुलगी म्हणाली, "शेठ, या भावात मजुरी तरी सुटंल का? नाही द्यायचा मला."

मी तेथेच लिलाव थांबवला आणि माल परत नेऊन चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवला तर काय होईल, असे सर्वांना विचारले. असा थांबा घेतला नाही तर मुले आरडाओरडा करतात, हसतात आणि विषय तेथेच राहतो. जोड्यांनी १५ टक्के घट धरून हिशेब मांडला. कांदा १७ क्विंटल उरेल आणि तेच २४,००० रुपये हाती यायला क्विंटलला सुमारे १,४१२ रुपये भाव लागेल. चाळीचा खर्च वेगळाच.

तेवढ्यात, एरवी प्रश्न विचारला की मान खाली घालणारा मागच्या बाकावरचा मुलगा उठला. "मॅडम, माझा लाल कांदा आहे. तो चाळीत टिकत नाही. मी कुठं थांबू?"

'व्यापाऱ्यां'कडे उत्तर नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा काय झाले असेल, असे मी त्यालाच विचारले. बंदी मे २०२४ मध्ये उठली, पण डिसेंबरात बाजारात लाल कांदाच होता आणि त्याला तोवर थांबणे शक्य नव्हते, हे त्याने घरच्या बोलीत, न अडखळता सांगितले. टिकाऊपणाचा पुरवठ्याशी असलेला संबंध इतक्या नेमकेपणाने मला व्याख्यानातून सांगता आला नसता. त्यावर नाशिकरोडची एक मुलगी म्हणाली, "पण भाव चढला की आमची आई पावकिलोच कांदा आणते, तिचं काय?" ग्राहकाची भूमिका मी योजलीच नव्हती, ती तिने आणली आणि वाद भलताच रंगला.

पुस्तकातील व्याख्या मी त्यानंतर वाचायला दिली. उत्तरे लिहिताना त्या मुलाने 'माल थांबवता येत नाही म्हणून पुरवठा एकदम अंगावर येतो' असे वाक्य लिहिले होते. मी त्यातले शुद्धलेखन तेवढे तपासले, शब्द त्याचेच राहू दिले. बंदी योग्य होती की नाही यावर वर्गाचे एकमत झाले नाही, म्हणून पुढच्या तासाला मुले भूमिका बदलून ग्राहक, निर्यातदार आणि मंत्री होणार आहेत.